वर्जाचं गवत

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला तेव्हा कापलेलं भात अजून खाचरात आडवं पडलेलं होतं. दाणा कसाबसा वाचला, पेंढा मात्र कुजला. काळा पडला, त्याला असा वास सुटला की म्हशीनं नाक लावलं आणि तोंड फिरवलं. त्याचा खरा फटका मे महिन्यात बसला. दरवर्षी होळीच्या सुमाराला भाटघर धरणाचं पाणी मागं सरायचं, गाळाची जमीन उघडी पडायची आणि तिच्यात ठकुबाई जनावरांसाठी कडवळ पेरायची. यंदा पाणीच महिनाभर उशिरा उतरलं. कडवळ वीतभर वर आलं आणि तिथंच करपलं. दावणीला एक म्हैस, एक गाय, एक रेडकू; घरात वैरणीची काडी नाही.

म्हणून सकाळी सहालाच ती पाण्याच्या कडेला आली होती. पोटरीपर्यंत गाळात रुतून लव्हाळा कापत होती. लव्हाळा म्हणजे नुसता दोर. जनावर तो खात नाही, चघळत बसतं. ठकुबाई अठ्ठावन्न वर्षांची. उजवा गुडघा दोन पावसाळ्यांपासून वाकताना वाजायचा. चिखलातून पाय उपसताना तो दोनदा वाजला. दोन तासांत काखेत मावेल एवढीच पेंढी झाली.

समोर हाकेच्या अंतरावर वर्ज होतं.

दोन अंगांनी पाणी, तिसऱ्या अंगानं गावाकडून येणारी पांद आणि मधे पालथ्या घमेल्यासारखा उंचवटा. धरण काठोकाठ भरलं तरी त्याचा माथा बुडत नसे. त्यावर कमरेइतकं गवत उभं होतं, वाळून फिकट पिवळं झालेलं, वाऱ्याबरोबर एका अंगावर कलणारं. तीन जनावरांना पाऊस लागेपर्यंत पुरून उरलं असतं. पण त्याला इळा लागत नव्हता. दरवर्षी ते उभ्या उभ्या वाळायचं आणि कुणाच्या तरी विडीनं पेटायचं, नाहीतर पहिल्या सरींत कुजायचं. सातबाऱ्यावर नाव होतं ठकुबाईचं आणि तिच्या दिराचं, गेनूचं. ठकुबाईचा नवरा सोनबा चार वर्षांपूर्वी गेला, तेव्हा तिचं नाव लागलं. नाव लागलं, पण पाऊल लागलं नाही.

वर्ज हा शब्द त्या घरात मिठासारखा वापरात होता. ठकुबाईची सासू बनाबाई दिवसातून दहा वेळा तो उच्चारायची. तिन्हीसांजेला केर काढणं वर्ज. बाळंतिणीला ताक वर्ज. विधवेनं पेरणीच्या पाटीत हात घालणं वर्ज. गावातली पोरं चेष्टेनं वापरायची. नवीन लग्न झालेल्या मित्राला म्हणायची, तुला आता शिवऱ्याचा ढाबा वर्ज. डॉक्टरनं मीठ बंद केलं तरी वर्ज आणि भावकीनं बोलणं बंद केलं तरी वर्जच. का, असं विचारायची त्यात सोय नव्हती. शब्द उच्चारला की विषय तिथंच संपायचा. पण पुढंमागं काही न जोडता कुणी नुसतं 'वर्ज' म्हटलं, तर पाण्याकडच्या त्या उंचवट्याबद्दल बोलणं चाललंय हे लहान पोरालाही कळायचं.

धरण झालं तेव्हा सरकारचा कागद आला होता, मोडीत लिहिलेला. भावकीत मोडी वाचणारा एकच माणूस होता, हनुमंत. त्यानं बनाबाईच्या आजेसासऱ्याला कागद वाचून सांगितलं, की तुझी ह्या नंबरातली बाकी जमीन पाण्यात गेली, एक तुकडा राहिलाय तो वर्ज आहे. तेव्हापासून माथ्यावरच्या दगडाला शेंदूर लागला. चैत्रात गुरवानं अनवाणी वर जाऊन शेंदूर-नारळ वाहायचा. बाकीच्यांनी कडेशी चपला काढून हात जोडायचे आणि तिथूनच मागं फिरायचं, अशी रीत पडली.

पेंढी घेऊन ठकुबाई घरी आली, तर ओट्यावर मानसिंग बसला होता. हनुमंताचा पणतू. पंचेचाळिशीचा, पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. त्याचं पाण्याकाठी तंबूंचं काम होतं. शनिवारी-रविवारी पुण्याहून गाड्या यायच्या. शेजारी गेनू मांडी घालून, पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वय झालं तरी मोठ्या आवाजापुढं गेनूला बोलता येत नसे.

मानसिंगनं सगळं नीट सांगितलं. वर्जावर देवाचं मोठं मंदिर बांधायचं ठरलंय. ट्रस्ट झालाय, तो स्वतः त्याचा अध्यक्ष आहे. जमीन दोघांच्या नावावर राहून उपयोग काय, तिथं ना नांगर ना इळा. ट्रस्टला बक्षीसपत्र करून द्यावी, म्हणजे पुण्यही लागेल आणि पाळणुकीची जबाबदारीही जाईल. सोमवारी भोरला सह्या. गाडी दारात येईल.

"आन तंबू?" ठकुबाईनं विचारलं.

"भक्तांना ऱ्हायला नको का वैनी? तंबू न्हाई म्हनायचं त्याला. भक्तनिवास."

गेनू खाली मान घालून हसला. हसावं लागतं म्हणून हसला.

मग मानसिंगनं आवाज खाली आणला. "वैनी, तुमाला तर त्या जागंचा अनुभव हाय. तुमच्या डोक्यावरनं ते ओझं उतरंल."

ठकुबाईच्या हातातली पेंढी दावणीत पडली. म्हशीनं एक काडी ओढली आणि सोडून दिली.

तिला अनुभव होता. लग्नाला तिसरं वर्ष होतं, असाच मे महिना, अशीच वैरणीची टंचाई. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि कडेवर चौदा महिन्यांचा कुमार होता. एक दिवस दुपारी, कुणी नाही बघून, वर्जाच्या अगदी कडेचा एक भारा तिनं कापला. एकच. गाभण गाईला टाकला. आठव्या दिवशी कुमारला हगवण लागली. दोन दिवसांत त्याची टाळू खाली बसली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. तिसऱ्या दिवशी भोरच्या रस्त्यावर, जीपमध्ये, तिच्या मांडीवर तो गेला.

गवत कापताना कुणीतरी पाहिलं होतं. भावकी बसली. पाच मंगळवार ठकुबाईनं, अनवाणी, गळ्यात तोच इळा अडकवून, मारुतीपासून वर्जाच्या कडेपर्यंत चालायचं आणि नारळ ठेवायचा, असं ठरलं. इळ्याचं पातं छातीवर आपटायचं. दूध अजून आटलं नव्हतं. चोळी भिजायची आणि पात्याचा गंज तिच्यावर उमटायचा. बायका दारात उभ्या राहून बघायच्या. पाचव्या मंगळवारी इळा धरणात फेकला. नंतर स्नेहल झाली, मोठी झाली, किकवीला दिली. तरी गाय व्याली की पहिला घास ठकुबाईच्या हातून घालायचा नाही, हे छत्तीस वर्षं चालू होतं. भांडण झालं की बनाबाईच्या तोंडी एकच यायचं, वर्ज खाल्लेली.

"येते सोमवारी," ती मानसिंगला म्हणाली. खरंच तिला वाटलं, जाऊ दे ते एकदाचं दुसऱ्याच्या नावावर.

सोमवारी भोरला कचेरीजवळच्या एका गाळ्यात ते बसले. दस्त सौदामिनीबाई नावाच्या वकीलबाई करायच्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, समोर कागदांचे व्यवस्थित गठ्ठे. सही करणाऱ्याला दस्त वाचून दाखवल्याशिवाय त्या सही घेत नसत. मानसिंगनं घड्याळाकडं बघत सांगितलं, की घरचीच माणसं आहेत, सगळं समजावलंय. त्या म्हणाल्या, समजावलं असेल, मी वाचते.

बक्षीसपत्र वाचून झालं. ठकुबाई निम्मं ऐकत होती. पंखा फिरत होता आणि तिच्या गुडघ्याला गार वारा लागत होता. मग सौदामिनीबाईंनी जोडलेला जुना कागद उचलला. जमीन मुळात कुणाची, हे दाखवायला मानसिंगनंच धरणाच्या वेळच्या निवाड्याची नक्कल काढली होती आणि मोडी जाणणाऱ्याकडून ती बाळबोधीत उतरवून घेतली होती. एका पानावर मोडीच्या आकड्या, शेजारी टाईप केलेला मजकूर.

"सर्व्हे नंबर एकशे चौदा," त्या वाचू लागल्या, "सर्व क्षेत्र धरणाकडे घेतले. पैकी उंचवट्याचे एक एकर तीन गुंठे संपादनातून वर्ज. मूळ मालकाकडे कायम."

ठकुबाईनं मान वर केली. तो शब्द या गाळ्यात, पंख्याखाली, चष्मा लावलेल्या बाईच्या तोंडून ऐकून तिला दचकायला झालं. नकळत तिनं पदर डोक्यावर घेतला.

"सरकारानं बी पाळलं म्हनायचं वर्ज," ती गेनूला हळू म्हणाली.

सौदामिनीबाईंनी ऐकलं. "काय पाळलं?"

गेनूनं सांगितलं. देवाचं ठिकाण आहे, कागदातच वर्ज लिहिलंय, म्हणून चार पिढ्या तिथं नांगर नाही, इळा नाही. सौदामिनीबाई आधी हसल्या, मग दोघांची तोंडं बघून त्यांनी हसू आवरलं. चष्मा काढला.

"अहो, हे तसं वर्ज नाही. वर्ज म्हणजे वगळलेलं. सोडून दिलेलं. बाकी जमीन सरकारनं घेतली, एवढी घेतली नाही. ती तुमच्याकडेच ठेवली, कसायला. 'मूळ मालकाकडे कायम' लिहिलंय ना पुढं."

"आन द्येव?"

"देवाचं यात कुठं नाव नाही, ताई."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागं घेत होतं, तो टीं-टीं करत होता. ठकुबाईनं बोट पुढं केलं. तिला अक्षरं जोडून वाचता येत होती, चौथीपर्यंत शाळा झाली होती. टाईप केलेल्या ओळीवर तिनं तो शब्द शोधला. व-र्-ज. सापडल्यावर बोट तिथंच ठेवलं. आणि मग, सवयीनं ओळ सरली की डोळा खाली जातो तसा, तो खालच्या ओळीवर गेला. तिथंही तोच शब्द होता.

"ह्ये काय हाय खालचं?"

मानसिंगचा हात पानावर आला. "ते दुसऱ्या नंबरचं. आपला काय संबंध न्हाई त्याचा."

"वाचा, बाई," ठकुबाई म्हणाली.

सौदामिनीबाईंनी मानसिंगकडं पाहिलं. त्यानं हात काढला. त्या वाचू लागल्या. "सर्व्हे नंबर एकशे पंधरा. मालक हनुमंत. पैकी गावालगतचे बावीस गुंठे संपादनातून वर्ज. मूळ मालकाकडे कायम."

गावालगतचे बावीस गुंठे म्हणजे मानसिंगचं घर. घरामागची चौदा आंब्याची झाडं, गोठा, आणि आता तंबूंना येणाऱ्या गाड्या लावायची जागा. मानसिंगच्या चुलतीनं तिथंच भुईमूग काढताना ठकुबाईला हाक मारून मूठभर शेंगा दिल्या होत्या. कुमार गेला त्याच वर्षी. शेंगा देताना ती म्हणाली होती, वर्जावर हात टाकायला नको होता गं बाई.

"म्हंजे एकाच कागदावर, एकाखाली एक," ठकुबाई सावकाश म्हणाली. "तुमचं वर्ज तुमी खाल्लं. आमचं तेवढं द्येवाला दिलं."

मानसिंग म्हणाला, की पणज्यानं काय वाचलं, काय सांगितलं, ते त्याला काय ठाऊक. तो काय तेव्हा जन्मला होता का. आणि अर्थ काहीही असो, इतकी वर्षं लोकांनी श्रद्धेनं पाळलंय ते खोटं थोडंच होतं. बोलताना तो सौदामिनीबाईंकडं बघत होता, ठकुबाईकडं नाही. नक्कल काढून आणून आठ दिवस झाले होते, हे त्याच्याच तोंडून मघाशी निघालं होतं. आठ दिवस तो कागद त्याच्या घरात होता आणि त्याला वाचता येत होतं.

ठकुबाई उठली. गुडघा वाजला.

"सही?" गेनूनं विचारलं.

ती पायऱ्या उतरली. मानसिंगची गाडी दारातच उभी होती. तिला वळसा घालून ती एसटी स्टँडकडं चालू लागली. थोड्या वेळानं मागून गेनूच्या चपलांचा आवाज आला.

एसटीत खिडकीशी ती बसली. डावीकडं पाणी दिसायला लागलं, खाली गेलेलं, कडेनं चिखलाचे पट्टे दिसत होते. गेनू बोलू लागला. सही नाही केली तर नको, पण जे चाललंय ते चालू द्यावं, असं त्याचं म्हणणं. आजा-पणज्यापासून पाळलंय. एका कागदानं मन कसं फिरेल.

ठकुबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या गळ्यात इळा कुनी अडकवला हुता, भाऊजी?"

तेव्हा गेनू अकरा-बारा वर्षांचा होता. घरचा पुरुष पाहिजे म्हणाले होते आणि सोनबा, कुमारचा बाप, घरातून बाहेरच येत नव्हता. म्हणून धाकट्याला पुढं केलं होतं. सुतळीची गाठ मारताना त्याला नीट जमेना, तर कुणीतरी मागून सांगितलं होतं, आवळ.

"मी ल्हान हुतो, वैनी."

"म्या कुटं म्हनलं ल्हान न्हवता म्हनून."

गावाचा थांबा आला तशी ती त्याच्याआधी उतरली.

घरी बनाबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. पंच्याऐंशी वर्षांची, डोळे जवळजवळ गेलेले. बोटांनी खडा ओळखायची. झाल्या का सह्या, म्हणून तिनं विचारलं. ठकुबाई तिच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. कागद, एकशे चौदा, एकशे पंधरा, बावीस गुंठे, वगळलेलं. बनाबाईची बोटं सुपात फिरत राहिली.

"आसंल," ती शेवटी म्हणाली. "शब्दाचा अर्थ काय बी आसंल. पोर तर गेलं का न्हाई?"

भोरपासून ठकुबाई एकाच वर्जाचा विचार करत आली होती. आता दुसरं आठवलं. हगवणीच्या दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची सिस्टर दारात आली होती. मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटानं पाजा, सारखं पाजा, म्हणून सांगून गेली होती. ठकुबाईनं तांब्या घेतला होता. कुमारनं तोंड उघडलं होतं, जीभ बाहेर काढली होती. कोरडी, पांढरी जीभ. आणि बनाबाईनं तांब्या हातातून काढून घेतला होता. आत घालशील तेवढं खाली येणार, म्हणाली होती.

"पोर गेलं, आत्याबाई," ठकुबाई म्हणाली. "कशानं गेलं? तांब्या माझ्या हातात हुता. तुमी काय म्हनलात तवा?"

बनाबाईची बोटं थांबली.

"काय म्हनलात?"

"हगवनीत पानी वर्ज," बनाबाई म्हणाली. तिच्या तोंडून ते पाठ केल्यासारखं निघालं, आणि निघाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

"त्यो दोन दिस जीभ भायेर काढत हुता. म्या ओल्या फडक्यानं व्हट पुसत बसले. पानी न्हाई दिलं. तुमचं ऐकलं. आन छत्तीस वर्सं मला म्हनता, वर्ज खाल्लेली."

बनाबाईनं सूप बाजूला सारलं. रडली नाही. आंधळे डोळे भिंतीकडं होते. मग म्हणाली, "मला कोन सांगनार हुतं? माज्या दोन लेकरांना बी आसंच केलं हुतं माज्या सासूनं. म्या बी ऐकलं."

ही दोन लेकरं ठकुबाईला ठाऊक नव्हती. घरात कधी त्यांचं नावही निघालं नव्हतं. राग ज्या माणसावर काढायचा, ते माणूसच समोर असं रिकामं झालेलं बघून तिचा राग कमी झाला नाही. त्याला बसायला जागा तेवढी राहिली नाही. ती उठली. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, बनाबाईच्या हाताशी ठेवलं, जरा जोरातच ठेवलं, थोडं सांडलं. आणि वळचणीचा इळा काढून तिनं त्याच्या धारेवर अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत ती पांदीनं निघाली. कडेला आली तेव्हा पाय आपोआप थांबले आणि डाव्या पायाचा अंगठा चपलेतून सुटला. तिनं तो परत चपलेत घातला आणि गवतात शिरली.

आत वेगळाच उबारा होता. कुसळं लुगड्यातून मांड्यांना टोचत होती. दहा पावलांवर तिला चुन्याच्या रेघा दिसल्या, आणि रेघांच्या कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या. तंबूंच्या जागा आखून झाल्या होत्या. सही व्हायच्या आधीच. खुंट्या ठोकणारी माणसं चपला काढून आली असतील का, असं तिच्या मनात आलं. खाली बुटांचे ठसे होते.

तिनं खुंट्या उपटल्या. एक निघेना, तर इकडून तिकडून हलवून, शिवी देऊन काढली. सगळ्या गोळा करून पांदीत टाकल्या. मग वाकून डाव्या मुठीत गवत धरलं आणि इळा ओढला. जुनं गवत, इळा दोन-चार ओढींत बोथटला. धार लावायला दगड शोधत ती माथ्यावर गेली. तिथं एकच दगड होता.

शेंदराचे थर बोटभर जाड झालेले. समोर चैत्रातल्या नारळाची करवंटी. ठकुबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिला भीती वाटली, वाटली नाही असं नाही. कानामागं घाम आला. पण त्याहून जास्त, त्या पाच मंगळवारी छातीवर आपटणारं पातं आठवलं. ती उकिडवी बसली. दगडाच्या कडेवर इळा टेकवला आणि घासला. एकदा, दोनदा. शेंदराचा टवका सुटला. तिसऱ्यांदा घासलं तेव्हा एक मोठा पापुद्रा निघून खाली पडला आणि आतला काळा दगड उघडा झाला. घडीव होता. त्यावर टाकीनं खोदलेलं होतं. तिनं बोटानं धूळ पुसली.

एक एक चार.

शेताच्या हद्दीचा दगड होता तो. मोजणीवाल्यांनी पुरलेला, नंबर घातलेला. याच्या दिशेनं तिनं कडेला कपाळ टेकलं होतं, पोटचं पोर गेल्याची माफी मागितली होती. ठकुबाई मोठ्यानं हसली. हसण्याचा आवाज तिला आवडला नाही, तशी ती थांबली, आणि उरलेली धार त्याच दगडावर लावून घेतली.

नऊ वाजेपर्यंत चार भारे पडले. कंबर धरली, हाताला कुसळांचे ओरखडे उठले, डाव्या तर्जनीला इळा लागून रक्त आलं, तिनं त्यावर माती दाबली. एक धामण सळसळत पायाजवळून गेली. पांदीत माणसं जमली होती. कुणी आत येईना. एक म्हातारी कानांवर हात ठेवून उभी होती. मानसिंग गाडीवरून आला, खुंट्या बघितल्या, आणि लांबूनच म्हणाला, "वैनी, देवाच्या जागंत ह्ये बरं न्हाई. घरावर येतं."

ठकुबाई ताठ झाली. इळा हातात तसाच.

"तुमचं घर बी वर्जावरच हाय, भाऊजी. बावीस गुंठं. हितं यीऊन मला हात धरून भायेर काढा. येता?"

मानसिंग पांदीच्या कडेला उभा होता. पायात बूट होते. पुढं पाऊल टाकलं तर सगळ्या गावासमोर त्याला ते काढावे लागले असते, नाहीतर बूट घालून आत आलेला दिसला असता. तो दोन्ही करीना. गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं. ठकुबाई परत वाकली.

थोड्या वेळानं तिला गवतात कुणाची तरी चाहूल लागली. गेनू होता. खांद्यावर भारे बांधायचा सोल, तोंड पांढरं पडलेलं. कडेशी थांबून तो काहीतरी करत होता. तिनं बघितलं. त्यानं एक चप्पल काढून बाजूला ठेवली होती आणि दुसरीतून पाय सोडवत होता. हात जोडायच्या बेतात होता.

हाच हात. याच हातानं गाठ मारली होती.

"चपला घाला, भाऊजी," ती म्हणाली. "काटं हायत हितं."